निःशस्त्र शुश्रूषक डेस्मंड डॉस : एका सन्मानपत्राची चिकित्सा

१

बखरींत दिलेला आंकडा आणि त्याच प्रसंगाच्या अस्सल पत्रांत आढळणारा आंकडा हे सहसा जुळत नाहींत, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं बखरींपेक्षां समकालीन पत्रांस अग्रमान दिला, तेव्हांपासून आपल्याकडे या चिकित्सेची एक शिस्त पडून गेली आहे. परंतु अस्सल कागद हातीं आला म्हणजे चिकित्सा संपली असें नव्हे. त्या कागदावरील आंकडा कोणीं मोजला, कोणत्या रीतीनें मोजला, आणि मागाहून लिहिणारांनीं तो कोणत्या अर्थानें घेतला, हें पाहावेंच लागतें. प्रस्तुत लेखांत आम्ही परदेशांतील व अलीकडच्या काळांतील असा एक कागद या दृष्टीनें तपासणार आहों. हा कागद म्हणजे अमेरिकन सैन्यांतील शुश्रूषक शिपाई डेस्मंड टॉमस डॉस यास इ. स. १९४५ सालीं मिळालेल्या ‘मेडल ऑफ ऑनर’ या सर्वोच्च लष्करी पदकाचें सन्मानपत्र होय.

धर्मबुद्धीनें शस्त्र हातीं न घेतलेल्या या मनुष्यानें एकट्यानें ७५ जखमी सैनिकांस कड्यावरून खालीं उतरवून वांचविलें, अशी त्याची कीर्ति आहे. इ. स. २०१६ मध्यें निघालेल्या ‘हॅक्सॉ रिज’ या बोलपटानें ती सर्वदूर पोंचविली. या कीर्तीच्या बुडाशीं असलेल्या आंकड्यास आधार किती, आणि तो आंकडा ढळला तर त्या मनुष्याची योग्यता ढळते काय, हे दोन प्रश्न आम्ही विचारास घेतले आहेत.

२

डॉसचा जन्म ७ फेब्रुवारी १९१९ रोजीं व्हर्जिनिया राज्यांतील लिंचबर्ग येथें झाला. त्याचें घर सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचें. हा ख्रिस्ती पंथ रविवाराऐवजीं शनिवार हा विश्रामाचा व उपासनेचा दिवस मानतो, आणि तो दिवस शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत मोजतो. डॉसच्या घरीं दहा आज्ञांचें एक चौकटींत बसविलेलें चित्र भिंतीवर असे. त्यांत हत्यानिषेधाच्या सहाव्या आज्ञेपाशीं काइनानें आपला भाऊ हाबेल यास मारिल्याचें दृश्य काढलेलें होतें. भाऊ भावास कसा मारूं शकला, हा प्रश्न त्या चित्रानें लहानपणींच आपल्या मनांत घातला, असें डॉस पुढें सांगत असे.

परंतु त्याचा नकार हा केवळ एका मुलाच्या मनावर झालेल्या परिणामाचा प्रकार नव्हता; त्यामागें पंथाची लिखित परंपरा होती. या पंथाची रीतसर स्थापना इ. स. १८६३ मध्यें, म्हणजे अमेरिकेंतील यादवी युद्ध ऐन भरांत असतां झाली. ज्या पंथांस शस्त्रधारण निषिद्ध आहे त्यांच्या अनुयायांस लढवय्ये न मानतां रुग्णालयांतील किंवा मुक्त झालेल्या गुलामांच्या देखभालीचें काम द्यावें, अथवा त्यांनीं ३०० डॉलर भरावे, अशी तरतूद फेब्रुवारी १८६४ च्या कायद्यांत झाली. त्याच वर्षीं पंथाच्या पुढाऱ्यांनीं मिशिगनचे गव्हर्नर ऑस्टिन ब्लेअर यांजकडे आपली भूमिका लेखी मांडली, व पुढें ती वॉशिंग्टन येथील अधिकाऱ्यांसमोर ठेविली. शस्त्र धरावयाचें नाहीं, परंतु राजसत्तेच्या संकटकाळीं सेवाही नाकारावयाची नाहीं, हा पंथाचा मध्यम मार्ग येथून चालत आला. १९३४ पासून पंथाच्या नेब्रास्कांतील युनियन कॉलेजांत तरुणांस निःशस्त्र लष्करी शुश्रूषेचें शिक्षणही मिळूं लागलें होतें.

सप्टेंबर १९४० च्या सक्तीच्या सैन्यभरतीच्या कायद्यानेंही धर्मशिक्षणामुळें व श्रद्धेमुळें कोणत्याही युद्धास विरोध असणारांस मार्ग मोकळा ठेविला होता. अशांपैकीं कांहींनीं सैन्यांतच निःशस्त्र सेवा पत्करिली. सुमारें १२,००० लोकांनीं जंगलें, शेती, वेड्यांचीं रुग्णालयें अशा ठिकाणीं मुलकी काम केलें. सुमारें ६,००० लोक तुरुंगांत गेले. त्यांत यहोवाचे साक्षी या पंथाचे लोक बहुसंख्य होते. डॉस पहिल्या वर्गांतला. तो न्यूपोर्ट न्यूज येथील जहाजांच्या कारखान्यांत कामास होता, व त्या कामामुळें त्यास भरतींतून सूट मिळण्यासारखी होती. ती न घेतां तो १ एप्रिल १९४२ रोजीं सैन्यांत दाखल झाला. कायद्याच्या भाषेंत त्यास ‘कॉन्शेन्शस ऑब्जेक्टर’, म्हणजे विवेकबुद्धीस स्मरून नकार देणारा, असें नांव पडलें. त्यास स्वतःस तें नांव रुचत नसे. आपण विवेकबुद्धीस स्मरून सहकार्य करणारे आहों, असें तो म्हणे.

छावणींत त्याची अवहेलना झाली. बंदूक धरीत नाहीं व शनिवारीं सुटी मागतो, अशा शिपायाचा भरंवसा काय, असें सोबत्यांस वाटे. मानसिक दृष्ट्या अपात्र ठरवून त्यास घरीं पाठविण्याचाही प्रयत्न झाला. आपला धर्म हें मनाचें वैगुण्य ठरेल अशा कागदास त्यानें मान्यता दिली नाहीं. त्याच्या कंपनीचे अधिकारी कॅप्टन जॅक ग्लोव्हर यांनीं त्यास दुसरीकडे धाडण्याची खटपट केली होती. तेच पुढें उतारवयांत त्याच्या धैर्याचे साक्षी झाले. ७७ व्या डिव्हिजनच्या ३०७ व्या रेजिमेंटबरोबर तो १९४४ मध्यें ग्वाम व त्यानंतर फिलिपाइन्समधील लेयते या बेटांवर गेला, आणि तेथील शुश्रूषेबद्दल ‘ब्राँझ स्टार’ पदकास पात्र झाला. तात्पर्य, ओकिनावास पोंचण्यापूर्वींच त्याची परीक्षा झालेली होती.

३

१ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकन सैन्य ओकिनावा बेटावर उतरलें. बेटाच्या दक्षिण भागांत जपानी सैन्यानें शुरी येथील जुन्या राजवाड्याखालीं भुयारें खणून आपलें मुख्य ठाणें केलें होतें. शुरीच्या उत्तरेस उरासोए येथें एक उंच डोंगरकडा आहे. जपानी लोक त्यास माएदाचा डोंगर म्हणतात. अमेरिकन शिपायांनीं त्यास करवतीवरून ‘हॅक्सॉ रिज’ हें नांव दिलें. उत्तरेकडून चढून येणाऱ्या सैन्यास कडा चढणें एक वेळ साधे, परंतु माथ्यावर व पलीकडच्या उतारावर गुहा आणि भुयारें यांतून होणाऱ्या माऱ्यापुढें टिकाव धरणें कठीण होई. एप्रिलच्या अखेरीस ७७ व्या डिव्हिजननें ही आघाडी हातीं घेतली.

हें स्थळ इतिहासाच्या अभ्यासकांस आणखी एका कारणानें परिचित असावयास पाहिजे. राजधानी शुरीस जाण्यापूर्वीं चूझान राज्याच्या राजांचें ठाणें याच डोंगरावरील उरासोएच्या किल्ल्यांत होतें. कड्याच्या उत्तर अंगास तेराव्या शतकांतील राजा एइसो व इ. स. १६२० मध्यें वारलेला राजा शो नेइ यांचीं थडगीं आहेत. या लढाईंत तीं उद्ध्वस्त झालीं, व पुढें त्यांचा जीर्णोद्धार करावा लागला. र्‍युक्यू राज्याचा १४२४ ते १८६७ पर्यंतचा परराष्ट्रव्यवहार ज्यांत चिनी भाषेंत नोंदलेला होता, त्या ‘रेकिदाई होआन’ या दप्तराची एक प्रत १९२३ च्या भूकंपांत टोकियो येथें जळाली होती. ओकिनावांत राहिलेली प्रत १९४५ च्या युद्धांत नाहींशी झाली. आज तो संग्रह पूर्वीं करून ठेविलेल्या नकलांवरून वाचावा लागतो. हस्तलिखितें जमविणारांस या एका वाक्याचें मोल निराळें सांगावयास नको.

४

आतां मूळ कागदाकडे वळूं. अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनीं १२ ऑक्टोबर १९४५ रोजीं पदक डॉसच्या गळ्यांत घातलें. युद्धखात्याचा ९७ क्रमांकाचा सर्वसाधारण हुकूम १ नोव्हेंबर १९४५ चा आहे. म्हणजे समारंभ अगोदर व हुकूम मागाहून, असा क्रम आहे. सन्मानपत्रांत स्थळ उरासोए व काळ २९ एप्रिल ते २१ मे १९४५ असा दिला आहे. त्यांतील मजकुराचा सारांश येणेंप्रमाणें :

पहिल्या बटालियननें ४०० फूट उंचीच्या दांतेरी कड्यावर हल्ला केला. माथा गांठतांच जबर मारा होऊन सुमारें ७५ माणसें पडलीं व बाकीचीं मागें हटलीं. डॉस मागें न हटतां पडलेल्या अनेकांपाशीं राहिला, व एकेकास कड्याच्या टोंकाशीं नेऊन दोरीच्या आधाराच्या स्ट्रेचरवरून त्यानें खालीं उतरविलें. २ मे रोजीं त्यानें आघाडीच्या २०० यार्ड पुढें पडलेल्या एका जखमीस आणिलें. ४ मे रोजीं शत्रूच्या गुहेच्या तोंडापासून आठ यार्डांवर चौघांच्या जखमा बांधून त्यांस चार खेपांनीं बाहेर काढिलें. ५ मे रोजीं तोफखान्याच्या एका अधिकाऱ्यास गोळ्यांच्या वर्षावांत प्लाझ्मा दिला; त्याच दिवशीं शत्रूपासून २५ फुटांवर पडलेल्या दुसऱ्या एकास १०० यार्ड वाहून नेलें. २१ मे रोजीं शुरीजवळ रात्रीच्या हल्ल्यांत हातबाँबनें त्याच्या दोन्ही पायांस जखमा झाल्या. दुसऱ्या शुश्रूषकास आडोशांतून बाहेर न बोलावितां त्यानें आपल्या जखमा आपणच बांधल्या व पांच तास वाट पाहिली. स्ट्रेचर आल्यावर वाटेंत अधिक जखमी मनुष्य दिसतांच तो स्वतः खालीं उतरला व त्यास अगोदर न्यावयास त्यानें सांगितलें. पुढें एका सोबत्याच्या आधारानें जात असतां गोळी लागून त्याचा हात मोडला. तेव्हां बंदुकीचा दस्ता त्या हातास बांधून तो ३०० यार्ड सरपटत शुश्रूषेच्या ठाण्यापर्यंत गेला.

५

वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सन्मानपत्रांत ७५ हा आंकडा आहे खरा, पण तो पडलेल्या माणसांचा आहे. खालीं उतरविलेल्यांचा नव्हे. लष्करी इंग्रजींतील मूळ शब्द मृत व जखमी या दोहोंस लागू पडणारा आहे. उतरविलेल्यांविषयीं कागद ‘अनेक’ एवढेंच म्हणतो. शिवाय ७५ च्या मागें ‘सुमारें’ हें पद आहे. पुढील कथनांत प्रथम ‘सुमारें’ गळालें, नंतर पडलेल्यांचा आंकडा वांचविलेल्यांस चिकटला, आणि शेवटीं जणूं कोणीं मोजून लिहून ठेविल्याप्रमाणें तो निश्चित झाला. पाठांतरें कशीं होतात हें जाणणाऱ्या वाचकांस ही वाट ओळखीची आहे.

हा आंकडा मुळांत कसा आला, याची हकीकत डॉसच्या स्वतःच्या सांगण्यावरून प्रसिद्ध आहे. अधिकाऱ्यांनीं हिशेब केला तो असा : वर १५५ माणसें गेलीं, आपल्या पायांनीं ५५ उतरलीं, तेव्हां डॉसनें १०० उतरविलीं. डॉस म्हणाला कीं, हें शक्य नाहीं, पन्नासांहून अधिक नसतील. अखेर मधला आंकडा म्हणून ७५ धरण्यांत आला. म्हणजे ही मोजणी नव्हे, पंचांनीं महजरांत नोंदावी तशी ही तडजोड आहे.

या तिन्ही आंकड्यांचें वजन सारखें नाहीं. १०० हा वजाबाकीनें आलेला आंकडा असल्यामुळें माथ्यावर जे ठार झाले तेही त्यांत वांचविलेले म्हणून मोजले जातात. तेव्हां ती केवळ कमाल मर्यादा होय. ७५ हा दोन अंदाजांचा मध्य आहे. उरले ५०. हा आंकडा ज्यानें दोरी ओढली त्याचा आहे, आणि तो त्याच्या हितास प्रतिकूल आहे. स्वतःच्या मोठेपणाच्या विरुद्ध जाणारी साक्ष अधिक विश्वसनीय मानावी, हा साधनचिकित्सेचा सर्वमान्य नियम आहे. आपल्या दप्तरांत ज्याच्या पराक्रमाचा आंकडा त्याचा त्याचा मोठ्यांत मोठा असावयाचा. येथें उलट लाभार्थीच आंकडा खालीं ओढीत आहे. यास्तव आमच्या मतें चिकित्सक लेखकानें या प्रसंगीं ‘सुमारें पन्नास ते पंचाहत्तर’ असें लिहावें, व ७५ ची उपपत्ति सोबत द्यावी.

६

दुसरा भेद साधनाचा आहे. सन्मानपत्र स्ट्रेचरचा उल्लेख करितें. डॉसच्या कथनाप्रमाणें दोरीच्या एका गांठीनें काम झालें. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत शिक्षण चालू असतां दुहेरी दोरीची ‘बोलाइन’ गांठ मारतांना एकाऐवजीं दोन फांस तयार होतात हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. त्या दोन फांसांत जखमीचे पाय अडकवावयाचे, दोरीचा वेढा छातीभोंवतीं घ्यावयाचा, व माणूस हळूहळू सोडावयाचा. येथें आम्ही डॉसचें कथन अधिक ग्राह्य धरितों. गांठीचा असा बारकावा गांठ मारणाराच सांगूं शकतो. मजकूर लिहिणाऱ्या कारकुनास जखमी वाहून नेण्याचें परिचित साधन म्हणून स्ट्रेचर हाच शब्द सुचणें स्वाभाविक आहे.

तिसरा भेद तिथीचा. सन्मानपत्रांत हा मोठा प्रसंग २ मेच्या अगोदर सांगितला आहे. नंतरच्या बहुतेक कथनांत तो शनिवार ५ मेचा म्हणून येतो. वार पडताळून पाहतां ५ मे १९४५ रोजीं शनिवारच होता. परंतु वार जुळला म्हणजे तिथि सिद्ध झाली असें होत नाहीं. शनिवार हा पंथाचा पवित्र वार असल्यामुळें श्रेष्ठ कर्म त्या दिवशीं घडलें असें मानण्याकडे भक्तांच्या स्मृतीचा कल असणारच. जसा संतांच्या निर्वाणाचा कल एकादशीकडे असतो. उलट पक्षीं, तुकड्यांच्या अनेक दिवसांच्या धामधुमीनंतर रचलेल्या सन्मानपत्रांत प्रसंगांचा क्रम मागेंपुढें होणेंही अशक्य नाहीं. तेव्हां दोन्ही तिथि आधारासह नमूद कराव्या, हेंच प्रशस्त. विश्रामाच्या दिवशीं त्यानें काम कसें केलें, ही शंका मात्र व्यर्थ आहे. येशूनें शब्बाथ दिवशीं रोगी बरे केले, या आधारावर रुग्णसेवा त्या दिवशींही विहित आहे असें डॉस मानीत असे.

मोडलेल्या हातास बंदुकीचा दस्ता बांधल्याचा उल्लेख आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. उभ्या लष्करी आयुष्यांत ज्यानें शस्त्र हातीं घेतलें नाहीं, त्यानें अखेरीस तें हाताशीं बांधलें, म्हणून व्रतभंग झाला काय? मीमांसकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर द्रव्य तेंच, विनियोग निराळा. त्याचा निषेध लांकडालोखंडाविषयीं नव्हता, हत्येविषयीं होता.

७

बोलपटानें या चरित्रांत बरीच भर घातली आहे. डॉसचा विवाह ऑगस्ट १९४२ मध्यें झाला. बोलपटांत तो लष्करी अटकेमुळें लग्नास मुकतो. त्याची पत्नी डोरोथी तेव्हां परिचारिका नव्हती. तें शिक्षण तिनें युद्धानंतर घेतलें. जखमी जपानी सैनिकांस खालीं सोडल्याचें दृश्य बोलपटांत आहे. सन्मानपत्रांत त्याचा उल्लेख नाहीं. उलट, खरी म्हणून नोंदलेली एक गोष्ट, म्हणजे जखमी अवस्थेंत स्वतःची जागा दुसऱ्यास देऊन पुन्हां गोळी खाणें, बोलपटांत आलीच नाहीं. कल्पित वाढविलें आणि अस्सल गाळलें, हा बखरकारांचा प्रकार नव्या साधनांतही तसाच चालू आहे.

युद्धानंतरचा काळ त्यास सोपा गेला नाहीं. लेयतेमध्यें जडलेल्या क्षयामुळें तो वर्षानुवर्षें रुग्णालयांत राहिला. एक फुप्फुस व पांच बरगड्या गमावून १९५१ मध्यें तो सैन्यांतून मोकळा झाला. पुढें औषधाच्या अतिरेकानें १९७६ मध्यें त्याचें श्रवण गेलें, तें १९८८ मधील शस्त्रक्रियेनें कांहीं अंशीं परत आलें. २३ मार्च २००६ रोजीं अलाबामा राज्यांतील पीडमाँट येथें तो निवर्तला. शस्त्र नाकारून हें पदक मिळविणारा तो पहिला. त्यानंतर व्हिएतनामच्या युद्धांत १९६९ सालीं पडलेले थॉमस बेनेट व जोसेफ लापॉइंट या दोघां शुश्रूषकांस तें मरणोत्तर मिळालें.

८

महाभारतांत युद्ध न करणारांचे प्रकार दिसतात. धनुष्य टाकून रथांत बसलेला अर्जुन आहे, दोन्ही पक्ष सोडून तीर्थयात्रेस गेलेला बलराम आहे, आणि शस्त्र न धरण्याचें वचन देऊन रणाच्या मध्यभागीं राहिलेला सारथि आहे. डॉसची जागा या तिसऱ्या प्रकाराजवळची. भेद इतकाच कीं, सारथ्यानें रथ शत्रूवर चालविला, यानें पडलेल्यांकडे पाठ केली नाहीं एवढेंच केलें. मात्र त्यानें वांचविलेले सैनिक बरे होऊन पुन्हां लढले असतील, म्हणून तोही युद्धाचा भागीदारच होय, असा आक्षेप ज्या विरोधकांनीं तुरुंग पत्करिला त्यांच्या बाजूनें घेतां येतो, आणि तो क्षुल्लक नाहीं. त्यास डॉसचें उत्तर त्याच्या वागणुकींत आहे : समोर पडलेल्याचा रक्तस्राव थांबविण्यापूर्वीं तो पुढें काय करील हें विचारण्याचा अधिकार आपला नव्हे.

आतां आरंभींच्या प्रश्नास उत्तर देऊं. आंकडा ढळला तर योग्यता ढळते काय? आमचें मत असें कीं, या उदाहरणांत आंकडा ढळविणाराच तो स्वतः आहे, आणि तेणेंकरून त्याची योग्यता वाढते. ज्यानें बंदूक घेण्याचें नाकारिलें त्यानेंच न मोजलेली पन्नास माणसेंही आपल्या नांवावर घेण्याचें नाकारिलें. दोहोंच्या मुळाशीं सत्यनिष्ठा एकच. सन्मानपत्रांतील २०० यार्ड, आठ यार्ड, २५ फूट, पांच तास हीं लहान मापें कोणीं वाढविण्याचें कारण नव्हतें. ७५ बाजूस ठेवून केवळ तीं वाचलीं तरी तो मनुष्य पुरता उभा राहतो.

एक उणीव मात्र उरते. वांचलेल्या एकाचेंही नांव त्या कागदावर नाहीं. ओकिनावाच्या दक्षिण टोंकास माबुनी येथें २३ जून १९९५ रोजीं शांततेची शिला म्हणून एक स्मारक उघडण्यांत आलें. त्यावरील काळ्या पाषाणांत त्या लढाईंत मेलेल्यांचीं २,४०,००० हून अधिक नांवें खोदलेलीं आहेत; ओकिनावाचे रहिवासी, जपानी, अमेरिकन, कोरियन, सैनिक व नागरिक, असा भेद न ठेवतां तीं लाविलीं आहेत, व नवीं नांवें सिद्ध होतील तसतशीं तीं अद्याप वाढविलीं जातात. तेथें गणना आंकड्यानें होत नाहीं, नांवानें होते. डॉसच्या कड्याची अशी यादी ज्यांस सिद्ध करावयाची असेल त्यांनीं त्या रेजिमेंटच्या जखमींच्या नोंदी व सैनिकांचीं घरचीं पत्रें धुंडाळावीं. तें काम पदक देणारांचें नव्हे. तें संशोधकांचें आहे.